पोकळ झाड, ओलं लाकूड

पहिले सहा महिने उस्तादांनी मला साखळीच्या करवतीला, म्हणजे मशीनला, हात लावू दिला नाही. ते वर झाडात असायचे आणि मी खाली दोर धरून. फांदी सुटली की तिचा भार बुंध्याभोवती दिलेल्या दोन-तीन वेढ्यांवर घ्यायचा, वेढे सैल करत तिला अलगद जमिनीवर टेकवायचं, गाठ सोडायची, फांदी ओढून बाजूला लावायची आणि दोराचं टोक परत वर पाठवायचं. संध्याकाळपर्यंत हेच. झाडं कापायला शिकायचं म्हणून आलो आणि नुसती ओढाओढ करतोय, असं तेव्हा फार वाटायचं. आता माझ्याकडे नवीन मुलगा आला की मीही त्याला सहा महिने खालीच उभा करतो. या कामात सगळ्यात आधी वजन कळावं लागतं, आणि ते दोराच्या खालच्या टोकालाच कळतं.

नुसत्या डोळ्यांना ते कळत नाही. एक मीटर लांब आणि 40 सेंटिमीटर जाड ओला ओंडका सव्वाशे किलोच्या घरात जातो. दोन माणसांना तो धड उचलता येत नाही, आणि झाडावर असे तुकडे एकाला एक जोडलेले, वाऱ्यावर हलत असतात. तोच ओंडका दोन-तीन मीटर मोकळा पडून दोराला हिसका देतो तेव्हा दोरावर, कप्पीवर आणि ती कप्पी बांधलेल्या फांदीवर त्याच्या वजनाच्या कित्येक पट ओढ येते. म्हणून खालच्या माणसाने दोर एकदम आवळून धरायचा नसतो, थोडा पळू द्यायचा असतो. हे मला तोंडी शंभरदा सांगितलं होतं. कळलं ते एका हिसक्यात तळहाताची साल निघाली तेव्हा.

चढणं मला लवकर जमलं. छोट्या वजनाच्या पिशवीला बारीक दोरी बांधून ती उंच बेचक्यातून पलीकडे फेकायची, तिच्यामागून जाड दोर ओढून घ्यायचा, आणि कमरेच्या पट्ट्याला लावलेली गाठ त्या दोरावर सरकवत वर जायचं. ही गाठ गिर्यारोहकांकडून आमच्या कामात आली. भार नसला की ती हाताने सहज सरकते, माणूस लटकला की दोराला घट्ट चावते. पहिल्यांदा बारा-तेरा मीटरवर जाऊन दोन्ही हात सोडले तेव्हा पोटात गोळा आला होता, पण गाठीने धरलं. करवत चालवायची वेळ आली की खोडाभोवती दुसरा दोर घालायचाच, पोलादी तारेचा गाभा असलेला. एक दोर चुकून कापला गेला तरी दुसरा राहतो. या नियमात मी कुणालाच सूट देत नाही, अगदी पाच मिनिटांच्या कामालाही नाही.

मशीन हातात मिळालं तेही आधी जमिनीवर, आडव्या ओंडक्यावर. पाच लिटर पेट्रोलला 100 मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइल, साखळीचा ताण, ब्रेक, आणि पात्याच्या टोकाचा वरचा कोपरा कशालाही टेकू न देणं. तो कोपरा लाकडाला लागला तर अख्खं मशीन उसळून चेहऱ्याकडे येतं. हेल्मेट, जाळी, कानावर मफ आणि आत लांब धाग्यांचे थर असलेली पँट. साखळी मांडीला लागलीच तर ते धागे चाकात गुंततात आणि साखळी जागच्या जागी थांबते. याबद्दल एवढंच सांगतो की ही पँट उन्हात फार गरम होते आणि तरीही घालायची असते.

पण माझा खरा धडा होता धार. बोथट साखळी कापत नाही, ती माणसाला दाबायला लावते. दाबलं की हात थकतात, आणि थकलेल्या हातांनीच चुका होतात. धार आहे की नाही हे मी मशीनच्या पोटाखाली पडणाऱ्या भुशावरून ओळखतो. धारदार साखळी चौकोनी, जाडसर कपटे फेकते. तिथे पिठासारखा बारीक भुसा पडायला लागला की थांबायचं, मशीन बंद करायचं, बुंध्यावर बसून कानस काढायची. प्रत्येक दाताला सारखेच घास, एकाच कोनात, आतून बाहेर. मग मशीन फिरवून दुसऱ्या बाजूचे दात. टाकी भरायला थांबलो की दोन-दोन घास, अशी सवयच लागून गेली आहे. उस्ताद म्हणायचे, "कानशीला वेळ नाही म्हणणाऱ्याच्या दोराला मी लटकणार नाही."

झाडावरचा माझा पहिला मोठा काप मी बिघडवला. हाताच्या मनगटाहून जाड, लांबलचक आडवी फांदी होती. मी वरून करवत टेकवली आणि सरळ खाली नेली. निम्म्यावर जाण्याआधीच फांदी आपल्याच वजनाने वाकली, मोडली, आणि जाताजाता खोडावरची साल सोबत घेऊन गेली. माणसाच्या उंचीएवढी पट्टी सोलून निघाली. आत पांढरं, ओलं, चकाकणारं लाकूड. उस्ताद रागावले नाहीत. "पुढच्या वर्षी इथे येऊन बघ," एवढंच म्हणाले.

फांदी उतरवायची ती तीन कापांत. पहिला काप खालून, खोडापासून हातभर दूर, फांदीच्या जाडीच्या पाव ते एक तृतीयांश खोल. दुसरा वरून, त्याच्या किंचित बाहेर. फांदी त्या दोन कापांमध्ये तुटते आणि साल फाटत नाही, कारण खालचा काप तिला अडवतो. मग उरलेला बिनवजनाचा ठोंब तिसऱ्या कापाने काढायचा. हा तिसरा काप महत्त्वाचा. फांदी खोडातून निघते तिथे एक फुगीर वळी असते, शर्टाच्या बाहीला खांद्याशी असावी तशी. आम्ही तिला कॉलर म्हणतो. काप या वळीच्या जस्ट बाहेर घ्यायचा. वळी कापली तर जखम मोठी होते आणि ती झाकणारं लाकूडच निघून जातं. ठोंब लांब ठेवला तर तो वाळतो, कुजतो आणि कूज आत नेतो. बोटांनी चाचपलं तर वळी नीट लागते. मी आजही तिसऱ्या कापाआधी हातमोजा काढून एकदा बोट फिरवतो.

पुढच्या वर्षी खरंच त्या झाडाकडे गेलो. तीन काप घेऊन नीट काढलेल्या फांद्यांच्या जागी नवीन सालीचं गोल कडं तयार झालं होतं, चारी बाजूंनी आत सरकत आलेलं. माझ्या फाटलेल्या पट्टीच्या कडेलाही झाडाने गुंडाळी सुरू केली होती, पण मधलं लाकूड करडं पडलं होतं, त्याला चिरा गेल्या होत्या आणि खालच्या टोकाला पाणी साचून काळं झालं होतं. मी तिथे बराच वेळ उभा होतो. आपल्या हातून झालेलं नुकसान इतक्या उघड्यावर, इतकी वर्षं दिसत राहणार, हे या कामाआधी मला कधी जाणवलं नव्हतं.

तेव्हापासून वाचायला लागलो. ॲलेक्स शिगो नावाचे संशोधक अमेरिकेच्या वनसेवेत होते. त्यांनी हजारो झाडं उभी चिरून आतल्या जखमा पाहिल्या. 1970च्या दशकात त्यांनी जे मांडलं त्याने आमच्या कामाची पद्धतच बदलली. आपली कातडी जखम झाल्यावर नवी येते, झाडाचं तसं होत नाही. दुखावलेलं लाकूड पुन्हा धडधाकट होत नाही. झाड त्या भागाभोवती भिंती उभ्या करतं, कूज तिथेच कोंडून टाकतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवत पुढे जातं. या भिंतींतली सगळ्यात पक्की भिंत जखमेनंतर चढलेल्या लाकडाच्या सीमेवर असते. हे कळलं की बऱ्याच जुन्या सवयी सुटतात. कापाला डांबर किंवा रंग फासणं मी बंद केलं. त्याने कूज थांबत नाही. पूर्वी ढोलीत सिमेंट भरायची रीत होती. झाड वाऱ्यावर डोलतं, सिमेंट डोलत नाही, मग ते आतल्या भिंतीला घासत राहतं आणि फटीत पाणी धरून ठेवतं. अशी जुनी सिमेंटची ढेपळं मी दोनदा बाहेर काढली आहेत. करवतीची साखळी त्यावर एका सेकंदात मेली.

शेंडा छाटून झाड बुटकं करा, ही मागणी अजूनही आठवड्याला एकदा तरी येते. मी ती घेत नाही. शेंडा सपाट कापला की दोन वर्षांत तिथून झाडूसारखे सरळ कोंब फुटतात, झाड पुन्हा तेवढंच उंच होतं, आणि हे कोंब सालीलगत उगवलेले असल्याने त्यांची पकड कच्ची असते. घाबरून ज्या झाडाची उंची कमी करून घेतली, ते काही वर्षांनी आधीपेक्षा धोकादायक होतं. एका वर्षात जिवंत पालवीचा पाव हिस्सा, ही मी स्वतःला घातलेली वरची मर्यादा. म्हाताऱ्या झाडाला त्याहून कमी.

आता लाकडाकडे येतो.

झाडाचं काम म्हटलं की लाकूड निघणारच. बारीक फांद्या यंत्रात घालून त्यांचा चुरा करतो. तो झाडांच्या आळ्यात पसरायला उत्तम, फक्त खोडाला चिकटू द्यायचा नाही. ओंडके मात्र उरतात. पहिली तीन वर्षं ते मी कुणालाही देऊन टाकायचो, कारण टेम्पो रिकामा करणं हीच घाई असायची. मग हिशेब मांडला तेव्हा लक्षात आलं की ज्या महिन्यांत झाडाची कामं नसतात, त्या महिन्यांत हे लाकूड घर चालवू शकतं. अंगणाच्या कडेला जागा केली, घण, पाचरी आणि जड कुऱ्हाड घेतली आणि वखार सुरू झाली.

पहिल्याच हंगामात मी ओलं लाकूड विकलं. मुद्दाम नव्हे. तीन महिने उन्हात पडलेले ढलपे वरून पांढरे, कोरडे, चिरलेले दिसत होते. मला ते वाळलेले वाटले. आठवड्याभरात एका आजींचा निरोप आला, येऊन बघून जा. गेलो तर त्यांनी मला चुलीपुढे बसवलं आणि काही न बोलता एक ढलपा आत सरकवला. थोड्या वेळाने त्याच्या बाहेरच्या टोकातून फेस यायला लागला. बारीक बुडबुडे, सूं-सूं असा आवाज, आणि मग पाण्याचा थेंब राखेत पडून चुर्र झाला. धुराने डोळे भरून आले.

"बाळा, पेटवायलाच निम्मी मोळी जाते," आजी म्हणाल्या. "हे लाकूड जळतंय कुठे, शिजतंय."

"आजी, चुकलं माझं. सगळं परत नेतो."

"परत ने. पण वाळवून आण. लाकूड चांगलं आहे."

सगळं परत आणलं आणि त्या हंगामात विकलेल्या प्रत्येकाकडे जाऊन उरलेलं लाकूड बदलून किंवा पैसे परत देऊन आलो. वखार सुरू होताहोताच बसते की काय असं वाटलं होतं. पण त्यामुळे मी लाकडातल्या पाण्याचा अभ्यास केला, जो आधीच करायला हवा होता.

ताज्या तोडलेल्या झाडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असतं. हजार किलो लाकूड आणलं तर त्यातलं 500 किलो पाणी. जळायला योग्य म्हणजे 20 टक्के किंवा त्याहून कमी ओलावा. तिथपर्यंत वाळलं की त्या हजार किलोचे 625 उरतात. 375 किलो पाणी हवेत जायचं असतं आणि ते कुठल्या तरी भट्टीत उकळून घालवायचं की वाऱ्याकडून फुकट काढून घ्यायचं, एवढाच प्रश्न असतो. निम्मं पाणी असलेल्या एक किलो लाकडातून साधारण सव्वादोन किलोवॅट-तास उष्णता मिळते, 20 टक्के ओलाव्याच्या एक किलोतून चार. शिवाय ओलं लाकूड मंद जळतं, धूर जास्त सोडतं आणि धुराड्याच्या आत डांबरासारखा काळा थर चढवतं. तो थर पुढे कधीतरी पेट घेतो. म्हणजे ओलं लाकूड विकणारा ग्राहकाला पाणी तर विकतोच, वर घराला धोकाही देतो. हे कळल्यावर मी वजनावर विकणं बंद केलं. आता थप्पीच्या मापावर विकतो, म्हणजे लाकूड जड ठेवण्यात मलाच फायदा उरत नाही.

पाणी लाकडातून मुख्यतः टोकांकडून जातं, कारण झाड ते ज्या नळ्यांतून वर नेत होतं त्या उभ्या असतात. सालीतून तर फारच थोडं जातं. म्हणून अख्खा ओंडका दोन-दोन वर्षं आतून ओला राहू शकतो आणि तोच आखूड कापून, फोडून ठेवला तर एका कोरड्या मोसमात पुष्कळ पुढे जातो. फोडायचं ते ओलं असतानाच. बहुतेक झाडांचं ओलं लाकूड सरळ चिरतं, वाळलं की कुऱ्हाडीला दाद देत नाही. निलगिरीच्या रेषा पिळलेल्या असतात, ती वाळल्यावर फोडायला घेतलीत तर दिवस गेला म्हणून समजा. बाभूळ जड आणि चिवट, पण तिचा निखारा रात्रभर टिकतो. गाठीचे ओंडके मी फोडतच नाही. त्यांच्याशी झटण्यापेक्षा ते अंगणात बसायला ठेवतो.

थप्पी जमिनीला टेकवायची नाही, खाली दोन आडवे वासे घालायचे. वर छप्पर, बाजू मोकळ्या. सगळीकडून ताडपत्री गुंडाळली की आत घाम धरतो आणि बुरशी येते, हेही करून पाहिलं आहे. ऊन हवं, पण वारा त्याहून जास्त हवा. लाकूड वाळलं की नाही ते मी तीन तऱ्हांनी पाहतो. दोन ढलपे एकमेकांवर आपटायचे: ओले ‘थप्प’ बोलतात, वाळलेले ‘टण्ण’ वाजतात. एका टोकाला साबणाचं पाणी लावून दुसऱ्या टोकातून जोरात फुंकायचं. नळ्या रिकाम्या झाल्या असतील तर काही जातींच्या लाकडात साबणाचे बुडबुडे येतात. मुलांना हा प्रकार फार आवडतो. आणि शेवटी मीटर. त्याच्या दोन सुया बाहेरून टोचल्या तर आकडा खोटा येतो, ढलपा तेव्हाच फोडून आतल्या ताज्या अंगाला मधोमध टोचायच्या. प्रत्येक थप्पीवर मी खडूने रचल्याचा महिना लिहितो. एका पूर्ण वर्षाच्या आत तिला हात लावायचा नाही.

दोन गोष्टी वखारीत येऊ देत नाही. एक कण्हेर. तिचा धूरसुद्धा विषारी. आणि दुसरं, रंगवलेलं किंवा औषध मारलेलं लाकूड. लाकूड लांब विकायलाही पाठवत नाही. सालीखालचे किडे ओंडक्यासोबत प्रवास करतात. अमेरिकेत 2002 साली एमराल्ड ॲश बोरर हा हिरवा भुंगेरा सापडला, तो जळाऊ लाकडाच्या वाहतुकीबरोबर दूरदूर पसरला आणि त्याने ॲश जातीची कोट्यवधी झाडं मारली. किडीने मेलेल्या झाडाचं लाकूड मी जिथल्या तिथे वापरायला देतो.

आता जे सांगायला हे सगळं लिहायला घेतलं, ते.

वखार चांगली चालायला लागली त्याच्या दुसऱ्या वर्षी मला एक मोठं, जुनं झाड पाहायला बोलावलं. बुंध्याचा व्यास साधारण 90 सेंटिमीटर. दहा फुटांवर एक जुनी ढोली होती, तोंड मुठीएवढं. लाकडी हातोडीने ठोकलं तर आवाज पोकळ. मालक घाबरले होते. मी वर चढलो, पाहिलं आणि सांगितलं, आतून गेलंय, पाडलेलं बरं. परवानगीचे सोपस्कार त्यांनी केले, आम्ही दोन दिवसांत झाड उतरवलं.

बुंधा आडवा पडल्यावर मी काप पाहिला. मधोमध पोकळी होती, तिची त्रिज्या 25 सेंटिमीटर. तिच्या कडेला काळपट, कडक रेघ. आणि त्या रेघेच्या बाहेर 20 सेंटिमीटर जाडीचं निरोगी, घट्ट, फिकट लाकूड, पूर्ण गोल, कुठेही चीर नाही. शिगो यांनी दाखवलेली भिंत माझ्यासमोर होती आणि तिने आपलं काम चोख केलं होतं.

त्या रात्री मी गणित केलं. पोकळ नळी वाकायला किती विरोध करते ते आतल्या आणि बाहेरच्या त्रिज्येच्या गुणोत्तराच्या चौथ्या घातावर ठरतं. 25 भागिले 45, त्याचा चौथा घात, म्हणजे जेमतेम दहावा हिस्सा. मधलं सगळं लाकूड गेलं तरी त्या बुंध्याची वाकण्याविरुद्धची ताकद दहा टक्केही कमी झाली नव्हती. आतला 70 टक्के त्रिज्येपर्यंतचा गाभा गेला तरी ती चतुर्थांशानेच घटते. जर्मनीचे क्लाउस मॅटेक यांनी मोडलेली आणि उभी राहिलेली पोकळ झाडं पाहून जो ठोकताळा मांडला, तोही याच्या आसपासच येतो: उरलेल्या भिंतीची जाडी त्रिज्येच्या तीन दशांशाहून कमी झाली की काळजी करावी. इथे ती जवळजवळ साडेचार दशांश होती. ढोलीचं तोंड मोठं असतं, भिंतीला उभी चीर असती, मुळं कुजलेली असती तर हिशेब वेगळा झाला असता. यातलं काहीच नव्हतं. ते झाड उभं ठेवता आलं असतं.

मी स्वतःला विचारलं, तू पोकळ आवाज ऐकला आणि लगेच पाड म्हणालास, ते का? अनुभव कमी होता, हे खरं. पण बुंध्याकडे पाहताना हे किती थप्प्यांचं लाकूड आहे, हा आकडा माझ्या डोक्यात आला होता, हेही तेवढंच खरं. खोटं बोललो नव्हतो. मला ते झाड मनापासून धोकादायक वाटलं होतं. पण तसं वाटायला लाकडाने मदत केली होती का, याचं उत्तर मला आजही ठामपणे देता येत नाही, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलं. डॉक्टरनेच पुढे जाऊन अवयव विकावेत, अशी ही जागा आहे. झाडाला दुसरं मत घेता येत नाही.

त्यानंतर काही गोष्टी बदलल्या. पाहणीच्या दिवशी मी टेम्पो आणि मशीन नेत नाही. हातोडी, बारीक सळई, दुर्बीण, टेप आणि वही, एवढंच. पाहणीचे पैसे ठरलेले, झाड राहो की पडो. तोडायला सांगितलंच तर लाकूड मालकाचं, असं आधी लिहून देतो. त्यांना नको असेल तर त्याचं मोल मजुरीतून वजा करतो. पाडायचा सल्ला मी एका भेटीत देत नाही, लोंबकळणारी फांदी किंवा नुकतंच कललेलं झाड सोडलं तर. झाड पानांनी भरलेलं असताना एकदा आणि जमलं तर पाऊस होऊन गेल्यावर एकदा पाहतो. बुंध्याशी आळंब्या आहेत का, मुळांजवळची माती एका बाजूने उचलली आहे का, बेचक्यात साल आत दबली आहे का, ढोलीत घुबड किंवा मधमाश्या राहतात का. शंका राहिली तर दुसऱ्या जाणकाराला बोलावतो. यामुळे लाकूड कमी येतं. वखार पूर्वीपेक्षा लहान आहे आणि मला ती तेवढीच हवी आहे.

उस्ताद आता चढत नाहीत. गेल्या महिन्यात त्यांना सोबत घेऊन एका चिंचेच्या पाहणीला गेलो. तिलाही ढोली होती, पण तोंड रुंद, आत हात घालून भिंत मोजता येईल असं. त्यांनी खोडाला कान लावला, मी हातोडीने वरपासून खालपर्यंत ठोकत आलो. ते बोटाने खुणा करत होते, इथे जाड, इथे पातळ, आणि मी वहीत आकडे उतरवत होतो. ढोलीच्या वर एक लांब फांदी घराच्या बाजूला झुकली होती आणि सगळा भार तिचाच होता.

"काय लिहितोस?" त्यांनी विचारलं.

"पाडू नये. त्या फांदीचं टोकाचं वजन दोन हंगामांत थोडं थोडं कमी करावं. पुढच्या वर्षी पुन्हा मोजावं."

त्यांनी मान डोलावली. मालकांनी विचारलं, लाकूड किती निघेल? मी म्हटलं, फार तर दोन मोळ्या, आणि त्या तुमच्याच.

त्यांनी त्या मलाच देऊन टाकल्या. चिंचेचं लाकूड घट्ट असतं, वाळायला वेळ घेतं. मी ते ओलं असतानाच फोडून सगळ्यात शेवटच्या थप्पीवर रचलं आहे आणि कडेच्या ढलप्यावर खडूने महिना टाकला आहे.